सबवूफरसाठी घरी बांधलेला दमदार अ‍ॅम्प्लिफायर: चार ओहमवर खरे १३० वॉट

टीडीए ७२९४ या चिपचं छोटं बोर्ड, हाताशी असलेला ट्रान्सफॉर्मर आणि १० इंची सबवूफर. घरी अ‍ॅम्प्लिफायर बांधणाऱ्या अनेकांची सुरुवात एवढ्यावर होते. काही महिने मजेत जातात. मग बास अजून जोरकस हवा असं वाटायला लागतं. माणूस मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जातो, '५०० वॉट' छापलेलं बोर्ड आणतो, जुन्याच ट्रान्सफॉर्मरला जोडतो, आणि आवाज होता तिथेच राहतो. कारण वॉट बोर्डात नसतातच. ते ट्रान्सफॉर्मर, फिल्टर कपॅसिटर आणि हीटसिंक यांत असतात. बोर्ड फक्त त्या ताकदीला वाट करून देतं. त्यामुळे पैशांचा मोठा वाटा सप्लायवर आणि हीटसिंकवर खर्च करा आणि बोर्ड साधंच घ्या. हा सगळा लेख याच क्रमाने जातो.

आधी अपेक्षा नीट ठरवू या. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. टीडीए ७२९४ ला ±२७ व्होल्ट नीट मिळाले तर तो ४ ओहमवर ७० वॉट देतो. तिथून १३० वॉटवर गेलात तर वाढ तीन डेसिबलच्याही आत. पण अनेक घरगुती जोडण्यांत ट्रान्सफॉर्मर इतका लहान असतो की त्या चिपमधून प्रत्यक्षात ३५-४० वॉटच निघतात. त्यांच्यासाठी हाच बदल पाच डेसिबलच्या वर जातो आणि तो स्पष्ट कळतो. म्हणून काहीही विकत घेण्याआधी सबवूफरची पेटी खोलीच्या कोपऱ्यात सरकवून ऐका. दोन भिंती आणि जमीन मिळून खालच्या स्वरांना जे बळ देतात ते फुकट असतं. तेवढ्याने समाधान झालं तर खर्च वाचला.

नाही झालं, तर पुढे वाचा. इथे सरळ २३० व्होल्टशी काम आहे, आणि आतल्या दोन रेल्समध्ये (अधिक आणि उणे सप्लायच्या तारांत) मिळून ८० व्होल्टच्या वर डीसी असतो. कपॅसिटर भरलेले असताना तो प्लग काढल्यावरही राहतो. मेन्सच्या वायरिंगचा हात नसेल तर तेवढा भाग जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

आधी स्पीकर, मग हिशोब

हा अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमचा, १० किंवा १२ इंची, किमान १५० वॉट आरएमएसचा (म्हणजे सलग पेलता येणाऱ्या ताकदीचा) सबवूफर डोळ्यांसमोर ठेवून आखला आहे. जाहिरातीसाठी फुगवलेला पीएमपीओचा आकडा विचारातच घेऊ नका. मुंबईत सहज मिळणारे सबवूफर बहुतेक गाडीसाठीचे असतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना दोन व्हॉइस कॉइल असतात. ४+४ ओहमचा घेतलात तर समांतर जोडून २ ओहम होतात, म्हणजे या अ‍ॅम्प्लिफायरला दुप्पट करंट द्यावा लागेल. तो देऊ शकणार नाही. सिरीजमध्ये ८ ओहम होतात आणि ताकद निम्म्याच्या आसपास येते. त्यामुळे एक तर सरळ ४ ओहमचा घ्या, किंवा २+२ चा घेऊन सिरीजमध्ये जोडा.

आता ३०-०-३० चा, म्हणजे मधल्या तारेच्या दोन्ही बाजूंना ३० व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर घेऊ. ३० ला १.४१४ ने गुणलं की ४२.४, डायोडचा एक व्होल्ट वजा केला की प्रत्येक रेलवर साधारण ४१ व्होल्ट. भर आल्यावर हे ३७ च्या आसपास उतरतात. आउटपुट ट्रान्झिस्टर आणि एमिटर रेझिस्टर मिळून चारेक व्होल्ट खातात, म्हणजे स्पीकरला ३३ व्होल्टचं शिखर मिळतं. ३३ चा वर्ग भागिले ८ (४ ओहमची दुप्पट), म्हणजे १३६. यातले खात्रीचे १३० वॉट धरा. शिखराचा करंट ३३ भागिले ४, सव्वाआठ अ‍ॅम्पियर. प्रत्येक रेलवरचा सरासरी करंट त्याला पायने (३.१४ ने) भागून २.६ अ‍ॅम्पियर.

कुठल्याही बोर्डावरचा दावा तपासायला एवढी आकडेमोड पुरते. ±३५ व्होल्टवर चालणारं बोर्ड ४ ओहमवर ५०० वॉट देतो म्हणत असेल तर ते होणे नाही. दुकानात उभ्याउभ्या मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा.

ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून चालत लॅमिंग्टन रोड गाठता येतो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असतं, पण विचारताना लॅमिंग्टनच विचारा. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर बंद असतात. ट्रान्सफॉर्मर '३०-०-३०, ५ अ‍ॅम्पियर' असा मागा, म्हणजे ३०० व्हीए. तयार नसेल तर गुंडाळून देणारे असतात, त्यांना तांब्याचीच तार हवी असं आधी स्पष्ट सांगा. अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचा तेवढाच ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो आणि भराखाली व्होल्टेज जास्त सोडतो. हातात घेऊन वजन बघा. ३०० व्हीएचा साधा ईआय ट्रान्सफॉर्मर साडेतीन-चार किलोच्या आसपास भरतो. दीड किलोच्या नगावर कुणी '५ अ‍ॅम्पियर' लिहिलं असेल तर ते फक्त लिहिलेलं आहे. जुन्या यूपीएसमधला ट्रान्सफॉर्मर वापरण्याचा मोह टाळा. तो थोडा वेळ भर सोसण्यासाठी केलेला असतो आणि त्याची व्होल्टेजही आपल्या कामाची नसतात. यूपीएसचा पत्र्याचा डबा मात्र जरूर ठेवा, त्यात जाळ्या आयत्या असतात.

एसीचा डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर केबीपीसी ३५१०, म्हणजे ३५ अ‍ॅम्पियर, १००० व्होल्टचा धातूच्या बुडाचा. तो पेस्ट लावून डब्याच्या पत्र्यावर स्क्रूने कसा.

कपॅसिटरचं गणित सबवूफरसाठी वेगळं असतं, आणि हे बहुतेक सर्किटांत सांगितलेलं नसतं. मेन्स ५० हर्ट्झची, म्हणून ब्रिजमधून कपॅसिटरला दर १० मिलिसेकंदांनी एकदा भरणा मिळतो. मधल्या वेळात अ‍ॅम्प्लिफायर साठ्यावर जगतो, जसं ठरावीक वेळेलाच येणारं नळाचं पाणी पिंपात भरून दिवसभर पुरवायचं. साध्या गाण्याच्या मधल्या स्वरांत रेलवरचा भर इतक्या पटकन या बाजूने त्या बाजूला जातो की सरासरी करंट धरून चालतं. पण २५ हर्ट्झचा स्वर एकाच रेलकडून सलग २० मिलिसेकंद करंट ओढतो, तोही सव्वाआठ अ‍ॅम्पियरच्या शिखरापर्यंत. १०,००० मायक्रोफॅरडच्या एका कपॅसिटरवर दोन भरण्यांच्या मध्ये सात-आठ व्होल्टची घसरण होऊ शकते. ऐकायला बास भरीव न लागता घरघरल्यासारखा लागतो आणि दोष स्पीकरला दिला जातो. म्हणून प्रत्येक रेलवर १०,००० चे दोन, एकूण चार नग लावा. घसरण तीन-चार व्होल्टवर येते.

व्होल्टेज ६३ चंच घ्या. ५० व्होल्टचे स्वस्त पडतात, पण रात्री लाइन २५० पर्यंत चढली आणि भर नसला की ४१ चे ४८ व्हायला वेळ लागत नाही. प्रत्येक रेलवर कपॅसिटरला समांतर २.२ किलो ओहम, २ वॉटचा रेझिस्टर लावा. प्लग काढल्यावर साठा यातून रिकामा होतो. पूर्ण उतरायला तीन-चार मिनिटं लागतात, तेव्हा आत हात घालण्याआधी दर वेळी मीटर लावून बघाच.

प्रायमरीला २ अ‍ॅम्पियरचा स्लो ब्लो फ्यूज आणि दोन्ही तारा तोडणारा स्विच. दोन्ही रेल्सवर ५ अ‍ॅम्पियरचे फ्यूज. ट्रान्सफॉर्मर टोरॉइडल असेल तर चालू होताना तो इतका झटका घेतो की घरातला एमसीबी पडू शकतो. त्याच्या प्रायमरीत १० ओहमचा पॉवर एनटीसी (थंड असताना करंट अडवणारा, तापला की वाट देणारा रेझिस्टर) टाका. स्विच, फ्यूज होल्डर, वायर, तीन पिनी सॉकेट हे सगळं लोहार चाळीत चांगलं मिळतं.

बोर्ड आणि खरे ट्रान्झिस्टर

टीडीए ७२९४ च दोन घेऊन ब्रिज करावं असा सल्ला हमखास मिळतो. ४ ओहमसाठी तो चुकीचा आहे. ब्रिजमध्ये प्रत्येक चिपला निम्माच ओहम दिसतो, आणि या चिपच्या डेटाशीटमध्येच ब्रिजसाठी किमान ८ ओहमची अट घातलेली आहे. तुमचा स्पीकर ८ ओहमचा असेल तर ±२५ व्होल्टवर १५० वॉट मिळतात, मार्ग छान आहे. ४ ओहमला २एससी ५२०० आणि २एसए १९४३ या जोडीचं बोर्ड घ्या, दोन जोड्यांचं, म्हणजे चार आउटपुट ट्रान्झिस्टर. एका जोडीवर गाण्याचा भर चालून जातो, पण ४ ओहमचा सबवूफर म्हणजे केवळ रेझिस्टर नव्हे. पेटीतल्या अनुनादाजवळ व्होल्टेज आणि करंट एकमेकांच्या मागेपुढे होतात आणि ट्रान्झिस्टरवर व्होल्टेजही जास्त, करंटही जास्त अशी वेळ येते. तिथे दुसरी जोडी जीव वाचवते.

नकली ५२०० बाजारात भरपूर आहेत. खऱ्याची क्षमता २३० व्होल्ट, १५ अ‍ॅम्पियर, १५० वॉट. नकली नगात आत लहान चिप बसवून वर मोठं कव्हर चढवलेलं असतं. मीटरच्या डायोड रेंजवर तो अगदी व्यवस्थित दिसतो, छोट्या आवाजाला वाजतोही. जोर दिला की पहिल्याच संध्याकाळी जातो. ओळखायची खात्रीची पद्धत एकच: ज्या दुकानातून घ्यायचे तिथून एक नग जास्त घ्या आणि घरी पकडीत धरून काळं प्लॅस्टिक फोडा. आतली चौकोनी चिप जेमतेम दोन मिलिमीटरची निघाली तर बाकीचे वापरू नका. एका ट्रान्झिस्टरची किंमत सबवूफरच्या कॉइलपेक्षा फार कमी आहे. फोडायचा नसेल तर निदान छपाईवर थिनरचा बोळा फिरवा. अक्षरं पुसली गेली तर वर नव्याने छापलेलं आहे. पण अक्षरं टिकली म्हणून नग खराच असं नाही.

बोर्ड निवडताना तीन गोष्टी बघा. प्रत्येक आउटपुट ट्रान्झिस्टरला स्वतःचा ०.२२ ओहम, ५ वॉटचा एमिटर रेझिस्टर हवा. बायस (गाणं नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहता ठेवायचा थोडा करंट) लावायला ट्रिमर आणि एक छोटा बायस ट्रान्झिस्टर हवा, तोही हीटसिंकला टेकेल असा. आउटपुटवर १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची जोडी हवी, नाहीतर लांब स्पीकर वायरवर बोर्ड ऐकू न येणाऱ्या उंच स्वरात थरथरत राहतं आणि विनाकारण तापतं. ही जोडी नसेल तर स्वतः लावा, दहा मिनिटांचं काम आहे. बायस ट्रान्झिस्टर बोर्डाच्या मध्यभागी उभा असेल तर तो काढून तीन वायरींनी हीटसिंकवर न्या. आउटपुट गरम झाले की त्यांचा करंट वाढतो, करंट वाढला की ते अजून गरम होतात. हे चक्र तोच ट्रान्झिस्टर तोडतो, आणि त्यासाठी त्याला उष्णता कळायला हवी.

क्लास डी, म्हणजे आउटपुट झपाट्याने चालू-बंद करणारा प्रकार वापरावा का, असं कुणी विचारेल. टीपीए ३२५५ या क्लास डी चिपचं चांगलं बोर्ड ४८ व्होल्टच्या एसएमपीएसवर ४ ओहमला २५० वॉटच्या आसपास देतं, गरमही कमी होतं आणि डबा हलका होतो. जागा आणि वजन यांची अडचण असेल तर तोच घ्या. मी ट्रान्सफॉर्मरवाला बांधायला सांगतो, कारण तो बिघडला तर प्रत्येक भाग सुटा मिळतो, साध्या सोल्डरिंग आयर्नने बदलता येतो, आणि बांधताना नेमकं काय चाललंय ते मीटरवर दिसतं.

हीटसिंक

सर्वांत जास्त उष्णता पूर्ण आवाजाला होत नाही, त्याच्या खालच्या पातळीला होते. आपल्या आकड्यांत ती जास्तीत जास्त ७० वॉटच्या आसपास जाते. सलग नाही, पण बासचं गाणं असेल तर सरासरी ३०-४० वॉट धरून चला. साधारण ०.६ डिग्री प्रति वॉटचा हीटसिंक लागेल. याचा अर्थ ४० वॉटला तो आसपासच्या हवेपेक्षा २४-२५ अंश वर जाईल. मुंबईत मे महिन्यात बंद खोलीत ३५ अंश, डब्याच्या आत ४५, म्हणजे हीटसिंक ७० च्या घरात. ट्रान्झिस्टर हे सोसतात, हात सोसत नाही. हीटसिंक डब्याच्या बाहेर, पंख उभे ठेवून लावा. आत लावायचाच असेल तर १२ व्होल्टचा संगणकाचा पंखा हवाच. चोर बाजारात भंगारात निघालेल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचे हीटसिंक मिळतात. त्यांचं अ‍ॅल्युमिनियम जाड असतं आणि ड्रिल मारायलाही चांगलं असतं.

ट्रान्झिस्टरखाली मायका, मायकाच्या दोन्ही बाजूंना पेस्टचा पातळ थर. पेस्ट बाहेर ओघळेल इतकी लावू नका, जाड थर उष्णता अडवतो. स्क्रू कसल्यावर प्रत्येक ट्रान्झिस्टरची मधली पिन आणि हीटसिंक यांच्यात मीटरची बीप तपासा. एकही वाजता कामा नये. ड्रिलचा राहिलेला बारीक कंगोरा मायका भोकसतो, म्हणून भोकाच्या कडा मोठ्या ड्रिलच्या टोकाने हाताने फिरवून साफ करा.

सबवूफरचा फिल्टर: एक आयसी, चार कामं

बाजारात तयार 'सबवूफर बोर्ड' मिळतात, पण त्यांतले बरेच वरचे स्वर नीट कापत नाहीत आणि सबवूफरमधून निवेदकाचा आवाज येत राहतो. टीएल ०७४ या आयसीमध्ये लहान सिग्नलवर काम करणारे चार ऑप-अ‍ॅम्प असतात. त्या चारांत सगळं बसतं.

पहिला डावा-उजवा एकत्र करतो. दोन्ही इनपुटवर १ मायक्रोफॅरड आणि त्यापुढे २२ किलोचा रेझिस्टर, दोन्ही रेझिस्टर ऑप-अ‍ॅम्पच्या उणे पिनवर एकत्र. आउटपुटपासून त्याच उणे पिनला २२ किलो. अधिक पिन ग्राउंडला.

दुसरा आणि तिसरा हुबेहूब सारखे. यात सिग्नल १५ किलोच्या दोन रेझिस्टरमधून एकामागून एक अधिक पिनवर जातो. अधिक पिनपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरड. दोन रेझिस्टरच्या सांध्यापासून आउटपुटला ०.२ मायक्रोफॅरड, म्हणजे ०.१ चेच दोन समांतर. उणे पिन सरळ आउटपुटला. असे दोन टप्पे लागोपाठ आले की ७५ हर्ट्झच्या वर आवाज सप्तकामागे २४ डेसिबलने उतरतो. ही लिंकविट्झ-रायली पद्धत. सगळे कपॅसिटर एकाच मापाचे लागतात, म्हणून डझनभर एकदम घ्या. चपटे पॉलिस्टर घ्या, गोल सिरॅमिक नको.

चौथा खालून कापतो. सिग्नल ०.२२ मायक्रोफॅरडच्या दोन कपॅसिटरमधून अधिक पिनवर. अधिक पिनपासून ग्राउंडला ४७ किलो. कपॅसिटरच्या सांध्यापासून आउटपुटला २२ किलो. उणे पिन आउटपुटला. हा २२ हर्ट्झच्या खालचं अडवतो. पोर्ट (हवेचं भोक) असलेल्या पेटीत हा टप्पा वगळू नका. पोर्टच्या स्वराखाली कोनला हवेचा आधार उरत नाही, आवाज येत नाही पण कोन मात्र आतबाहेर धडपडतो. ताकद दुप्पट केल्यावर स्पीकर मरायची ही नेहमीची जागा. शेवटी आवाज कमी-जास्त करणारा १० किलोचा लॉग पॉट, तिथून अ‍ॅम्प्लिफायर.

सप्लायसाठी वेगळा १२-०-१२, ५०० मिलिअ‍ॅम्पियरचा छोटा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, १००० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचे दोन, आणि ७८१२ व ७९१२. मोठ्या ४१ व्होल्टच्या रेलवरून ७८१२ चालवू नका, त्याची इनपुट मर्यादा ३५ व्होल्ट आहे. दोघांच्या पिन वेगळ्या आहेत: ७८१२ ला डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट, तर ७९१२ ला ग्राउंड, इनपुट, आउटपुट. ७९१२ चा धातूचा कान ग्राउंड नसतो, तो उघडा डब्याला टेकवू नका. टीएल ०७४ च्या दोन्ही सप्लाय पिनपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरड, अगदी आयसीला चिकटून.

झाल्यावर मोबाईलवर टोन जनरेटर लावा आणि आउटपुट मीटरने एसीवर मोजा. ४० हर्ट्झला १ व्होल्ट असेल तर ७५ ला अर्ध्या व्होल्टच्या जरा वर आणि १५० ला ०.०७ च्या आसपास यायला हवा. १५० लाही ०.३ दिसत असेल तर एखादा टप्पा कामच करत नाहीये.

ग्राउंड आणि अर्थ

ट्रान्सफॉर्मरची मधली तार थेट कपॅसिटरच्या मधल्या सांध्यावर आणा, जाड आणि आखूड. त्याच सांध्यापासून एक छोटी तार तांब्याच्या पट्टीवर न्या. बोर्डाचा ग्राउंड, स्पीकरची परतीची तार, फिल्टरचा ग्राउंड सगळे या पट्टीवर वेगवेगळे यावेत. कपॅसिटर भरताना जे झटके येतात ते मग सिग्नलच्या तारेतून जात नाहीत आणि घुंऽऽ राहत नाही. इनपुट वायर शील्डची, ट्रान्सफॉर्मरपासून शक्य तितकी दूर. स्पीकरला २.५ चौरस मिलिमीटरची वायर.

तीन पिनी प्लगची अर्थ पत्र्याच्या डब्याला स्क्रूने, खाली रंग खरवडून. गुणगुण येते म्हणून अर्थ पिन तोडणारे भेटतील. ते ऐकू नका, ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटलं तर संपूर्ण डबा लाइव्ह होतो. जुन्या चाळींत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे अर्थ जोडलेलीच नसते. आधी ते तपासून घ्या. टीव्हीला जोडल्यावरच गुणगुण येत असेल तर केबलवाल्याची जाड वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. बऱ्याचदा अर्थ त्या मार्गाने दुसरीकडून आत येते आणि फेरा पूर्ण होतो. केबलच्या वायरीवर आयसोलेटर लावला की थांबतं.

पहिल्यांदा चालू करताना

घाई इथे सर्वांत महाग पडते. १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब मिळवा, एलईडी चालत नाही. तो लाइव्ह तारेत सिरीजमध्ये जोडा.

आधी फक्त सप्लाय, बोर्ड न जोडता. स्विच टाकताच बल्ब लखकन पेटतो, कपॅसिटर भरत जातात तसा एक-दोन सेकंदांत विझत जातो आणि तार नुसती लालसर राहते किंवा तीही दिसत नाही. हे व्यवस्थित. पेटलेलाच राहिला तर लगेच बंद करा. ब्रिज उलटा आहे किंवा कपॅसिटर उलटा लागलाय. दोन्ही रेल्स मोजा, ४१ च्या आसपास आणि एकमेकांच्या एका व्होल्टच्या आत हव्यात.

बंद करा, साठा उतरू द्या. आता बोर्ड जोडा, स्पीकर नाही. रेलच्या फ्यूजच्या जागी १०० ओहम, ५ वॉटचे रेझिस्टर लावा. बायस ट्रिमर किमान बाजूला. कुठली बाजू किमान हे बोर्डाच्या कागदावर बघा. चालू करा. रेझिस्टरवर काही व्होल्ट पडले तर उत्तम. बहुतेक सगळं व्होल्टेज तिथेच पडत असेल तर बोर्डात शॉर्ट आहे, रेझिस्टर जळेल पण ट्रान्झिस्टर वाचतील. आउटपुटवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. १०० च्या वर असेल तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग बायस. मीटर एका एमिटर रेझिस्टरवर, मिलिव्होल्ट रेंजला. ०.२२ ओहमवर ६ ते ७ मिलिव्होल्ट म्हणजे ३० मिलिअ‍ॅम्पियर. सबवूफरला यापेक्षा जास्त नको, कारण क्रॉसओव्हर डिस्टॉर्शनचे वरचे स्वर इतक्या कमी पट्ट्यात त्रास देत नाहीत आणि मुंबईच्या उकाड्यात उगाच जास्त गरम करण्यात अर्थ नाही. पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवून पुन्हा बघा, गरम झाल्यावर आकडा वर चढत राहत असेल तर बायस ट्रान्झिस्टर हीटसिंकला नीट टेकलेला नाही. आकडा स्थिर झाला की रेझिस्टर काढून फ्यूज घाला.

शेवटी खोटा भार. ३९ ओहम, १० वॉटचे दहा रेझिस्टर समांतर जोडले की ३.९ ओहम, १०० वॉट होतात. खाली टाइल ठेवा, पंखा लावा. सिरीज बल्ब काढा. ५० हर्ट्झचा टोन देऊन आवाज वाढवत आउटपुट एसी व्होल्ट मोजा. २२-२३ व्होल्ट आले की तुम्ही १३० वॉटवर आहात. तिथे पाच-दहा सेकंदच थांबा, रेझिस्टर फार तापतात. त्याच वेळी रेल्सवरचा डीसी बघा. ३६ च्या खाली घसरला तर ट्रान्सफॉर्मर लिहिल्याइतका नाही.

स्पीकर जोडण्याआधी संरक्षण

एक आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर संपूर्ण ४१ व्होल्ट डीसी थेट कॉइलवर येतो. ४ ओहमच्या कॉइलचा डीसी रेझिस्टन्स ३.२ च्या आसपास, म्हणजे ५०० वॉटची उष्णता एका कॉइलमध्ये. काही सेकंदांत वास येतो आणि स्पीकर गेलेला असतो. यूपीसी १२३७ आयसीचं तयार प्रोटेक्शन बोर्ड लावा. तेच चालू होताना दोन-तीन सेकंद थांबून रिले ओढतं, त्यामुळे धप्प असा ठोका येत नाही. रिलेची जोडणी अशी ठेवा: अ‍ॅम्प्लिफायर उघड्या (एनओ) संपर्काला, स्पीकर मधल्या संपर्काला, आणि बंद असलेला (एनसी) संपर्क ग्राउंडला. डीसीचा करंट तोडताना संपर्कांत ठिणगी टिकून राहू शकते. रिले सुटला की स्पीकर ग्राउंडला जातो आणि करंट त्याच्याऐवजी रेलच्या फ्यूजमधून वाट काढतो. रिले १० अ‍ॅम्पियरचा तरी हवा. स्पीकर न जोडता, अ‍ॅम्प्लिफायरपासून सुटं केलेल्या प्रोटेक्शन बोर्डाच्या इनपुटला ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर लावून बघा. कट्कन रिले सुटला पाहिजे.

खोलीत

स्पीकर जोडा, पॉट शून्यावर ठेवून चालू करा. ओळखीचं, बास स्पष्ट असलेलं गाणं लावा. बसायच्या जागेवरून ऐकत दुसऱ्याला स्पीकरच्या दोन तारा उलटसुलट करायला सांगा, दर वेळी अ‍ॅम्प्लिफायर बंद करून. ज्या जोडणीत ७५ हर्ट्झच्या आसपासचा बास भरलेला लागतो ती ठेवा. फिल्टरचा पहिला टप्पा सिग्नल उलटवतो, म्हणून लाल तार लालवरच हवी असं काही नाही.

इमारतीत बास स्लॅबमधून जातो, आवाज तितका न वाढताही खालच्या घरात भांडी थरथरतात. सबवूफरखाली जाड रबराचे तुकडे ठेवा आणि खालच्या शेजाऱ्यांकडे जाऊन एकदा स्वतः ऐका. निवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे.

महिनाभर वाजल्यावर डबा उघडा. गरम-थंड होऊन ट्रान्झिस्टरचे स्क्रू किंचित सैल पडलेले असतात, ते पुन्हा कसा. बायस आणि आउटपुटचा डीसी परत मोजा. पावसाळ्याआधी सोल्डरच्या बाजूला पीसीबीवर लॅकरचा हलका फवारा मारा, ट्रिमर आणि रिले झाकून. समुद्राजवळच्या घरांत तांब्याच्या पट्ट्या दोन पावसांत हिरव्या पडतात. रेलचे फ्यूज त्याच मापाचे चार जास्तीचे डब्याच्या आतच चिकटवून ठेवा, म्हणजे रात्री एखादा उडाला तर कुणी तिथे तार गुंडाळणार नाही.